प्रयोग सातवा: डायोड

३ फेब्रुवारी, सोमवार

अर्ज देऊन टाकला. मोठ्या क्लार्कांनी तो वाचला, माझ्याकडे बघितलं आणि परत वाचला.

"प्रयोगशाळा सहायक? तुम्ही?"

"बारावी शास्त्र पास आहे मी."

"कधी?"

"कधी ते जाहिरातीत विचारलेलं नाही."

त्यांनी शिक्का असा मारला की टेबल हललं.

बारा वर्षं झाली, या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी परिचर आहे. टेबलं पुसते, वायरींचा गुंता सोडवते, पेट्या मांडते. मुलं मला मावशी म्हणतात. "मावशी, डायोड द्या," हे दिवसातून दहादा ऐकते आणि दहादा देते. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा काळा तुकडा, दोन्हीकडून तार निघालेली, एका टोकाला चंदेरी पट्टी. आत काय आहे ते मी कधी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

परीक्षा २७ मार्चला. तोंडी आणि प्रात्यक्षिक. दुपारी हिय्या करून विभागप्रमुख सरांना विचारलं, शिकवाल का. सर म्हणाले, "सकाळी साडेआठला या. रोज. आणि घरी गेल्यावर रोज लिहायचं."

काय लिहायचं ते सांगितलं नाही, म्हणून हे असं. वही मुलांनी टाकून दिलेल्या जर्नलची, मागची पानं कोरी होती.

५ फेब्रुवारी, बुधवार

सिलिकॉन. प्रत्येक अणूला बाहेरच्या बाजूला चार इलेक्ट्रॉन. चार शेजाऱ्यांशी चार जोड्या. सगळे इलेक्ट्रॉन जोड्यांत अडकलेले, मोकळं कुणीच नाही, म्हणून थंडगार असताना वीज जवळजवळ वाहतच नाही. ऊब मिळाली की एखादा सुटतो. तांब्यात मोकळ्यांची गर्दी. काचेत कुणीच सुटत नाही. सिलिकॉन मधलं, म्हणून अर्धवाहक.

एवढं कळायला दीड तास गेला. उरलेला वेळ सरांनी रोधकांवरचे, म्हणजे रेझिस्टरांवरचे, रंगीत पट्टे वाचायला लावले.

"हा पट्टा कुठला?"

"तपकिरी."

"नक्की? लाल नाही?"

"नाही सर, तपकिरी."

"बरं," म्हणाले आणि तो रोधक एका डबीत टाकला. अशा साठ डब्या लावून घेतल्या. प्रत्येक वेळी मलाच ओळखायला लावलं, स्वतः एकदाही सांगितलं नाही. शिकवायची पद्धत कडक आहे.

एक मात्र विचित्र. सर बोलताना माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, कानाकडे बघतात. घरी येऊन आरशात पाहिलं. कानातलं जागेवर होतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

भेसळ. शुद्ध सिलिकॉन फारसं कामाचं नाही, त्यात मुद्दाम भेसळ करतात. एक कोटी अणूंत एखादा फॉस्फरसचा. त्याला बाहेर पाच इलेक्ट्रॉन. चार जोड्यांत जातात, पाचवा मोकळा. झाला एन प्रकार.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "एक कोटीत एक? एवढ्यानं काय फरक पडतो? आमच्या दूधवाल्याला विचार, त्याची भेसळ कशी असते."

सकाळी शिकतानाच एक शंका आली होती, ती तिथेच विचारून टाकली. जादा इलेक्ट्रॉन आहे, इलेक्ट्रॉन ऋण, तर मग तो सगळा तुकडा ऋण का होत नाही? सर हातातलं डस्टर खाली ठेवून म्हणाले, "परत विचारा." मला वाटलं चुकलं. परत विचारलं. सर हसले. बारा वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. फॉस्फरसच्या पोटात धन भारही एकानं जास्त असतो, त्यामुळे हिशेब शून्यच. इलेक्ट्रॉन जादा आहे तो जोडीला जादा, अणूला नाही.

सरांनी स्कूटर विकली म्हणे. चालत येतात. "गुडघ्यांना बरं," म्हणाले. मग जिन्यात कठडा का धरतात, गुडघे सुधारलेले दिसत नाहीत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बोरॉनला बाहेर तीनच इलेक्ट्रॉन. त्याची भेसळ केली की एका जोडीत एक जागा रिकामी राहते. तिला होल म्हणतात. शेजारचा इलेक्ट्रॉन त्या जागी येतो, मग त्याची जागा रिकामी होते. हा पी प्रकार. सर म्हणाले, इलेक्ट्रॉन एका बाजूला जातात आणि होल उलट बाजूला चालतं.

"सर, जे नाहीच ते चालेल कसं?"

"विचार करा," म्हणाले आणि निघून गेले.

दुपारी पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल. पुढच्या रांगेतली मुलगी बरं वाटेना म्हणून घरी गेली. फळा नीट दिसावा म्हणून तिच्या मागची तिच्या स्टुलावर, तिच्या मागची हिच्या, असं करत करत रिकामं स्टूल पार मागच्या भिंतीशी पोहोचलं. स्टुलाला कुणी हात लावला नव्हता. मुली पुढे सरकल्या आणि रिकामी जागा मागे गेली. मी फडकं हातात धरून तशीच उभी. कुणीतरी विचारलं, "मावशी, काय झालं?" म्हटलं, "होल चाललं." मुलींनी एकमेकींकडे बघितलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज खरा डायोड. एकाच तुकड्याची एक बाजू पी, दुसरी एन. मधल्या सीमेवर काय होतं ते सरांनी तीनदा सांगितलं आणि मी चारदा चुकले. आता न बघता लिहिते.

एनकडे मोकळे इलेक्ट्रॉन फार, पीकडे रिकाम्या जागा फार. सीमेजवळचे इलेक्ट्रॉन पलीकडे जाऊन त्या जागा भरतात. पण जाताना मागे फॉस्फरसचा धन झालेला अणू राहतो, तो जागचा हलत नाही. पलीकडे बोरॉन ऋण होतो, तोही हलत नाही. मग हे जागचे न हलणारे मागून येणाऱ्यांना अडवतात. ऋण बोरॉन म्हणतो, मागे फिर. मध्ये एक पट्टा तयार होतो, त्यात मोकळं कुणीच नाही. बाहेरून पीला धन आणि एनला ऋण जोडलं की पट्टा अरुंद होतो, आणि साधारण पॉइंट सात व्होल्टच्या आसपास वीज भसाभस वाहू लागते. उलट जोडलं की पट्टा रुंदावतो आणि वाट बंद.

म्हणजे चंदेरी पट्टीचं टोक एनचं. बारा वर्षं ती पेटी माझ्या हातात होती.

अकरा वाजता सरांनी मुलांच्या उत्तरपत्रिका काढल्या आणि मला मोठ्यानं वाचायला लावल्या. मी वाचते, सर गुण सांगतात, मी लिहिते. म्हणाले, "दुसऱ्यांच्या चुका ऐकल्या की आपल्या कमी होतात." माझ्यासाठी किती वेळ देतात.

घरी ह्यांना सांगितलं. आमच्या ह्यांचं शिवणाचं दुकान आहे. काजं करता करता म्हणाले, "तुझ्या सरांना डोळे तपासायला सांग."

"का?"

"सुईत दोरा ओवता येईना की मीही शेजारच्याला ओवायला देतो. आणि म्हणतो, ये, तुला शिकवतो."

सगळ्यांना आपल्यासारखं समजायचं!

२५ फेब्रुवारी, मंगळवार

काही समजलं नाही. उद्या परत.

२६ फेब्रुवारी, बुधवार

समजलं. काल वायर तुटकी होती.

६ मार्च, गुरुवार

आज जे झालं ते लिहावंसं वाटत नाही, पण रोज लिहायचं ठरलंय.

दुसऱ्या वर्षाचा प्रयोग सातवा, डायोडचा. सुलट जोडणीला मिलिअँपिअरचं मीटर, उलट जोडणीला मायक्रोअँपिअरचं. दिसायला दोन्ही सारखी, फक्त तबकडीवरचं अक्षर वेगळं. मी दोन्ही नीट मांडली होती, शपथेवर सांगते. चौथ्या टेबलावरच्या मुलींनी जोडणी केली. सर आले, वाकले, वायरींवरून बोट फिरवलं, म्हणाले, "ठीक. चालू करा." चालू केलं. काटा असा उडाला की कडेला आपटून वाकला आणि जळका वास सुटला. सुलट जोडणीत मायक्रोचं मीटर होतं. हजारपट नाजूक.

"मीटर कुणी मांडलं?" सर ओरडले. चाळीस मुलांसमोर. "मावशी, बारा वर्षं झाली, अजून अक्षर वाचता येत नाही?"

मी जळकं मीटर उचलून बाजूला ठेवलं. मोठे क्लार्क पंचनाम्याला आले तेव्हा माझ्या अर्जाची आठवण काढायला विसरले नाहीत.

७ मार्च, शुक्रवार

साडेआठला गेले नाही. साडेदहाला गेले, टेबलं पुसली, परत आले. सासूबाई म्हणाल्या, "तोंड का असं?" म्हटलं, काही नाही. "मग आज त्या रिकाम्या जागेचं काही सांगितलं नाहीस ते?" म्हटलं, आता काही सांगणार नाही, सुटले मी त्यातून.

त्या म्हणाल्या, "मला तर अर्धंच कळलं होतं. उरलेलं आता कुणाला विचारू?"

१० मार्च, सोमवार

गेले. आठ वीसलाच. परीक्षा माझी आहे, सरांची नाही. बोलले तर बोलले, शिकून घेणार.

सर आधीच येऊन बसले होते. म्हणाले, "मीटर तुम्ही बरोबर मांडलं होतं. मुलींनी शेजारच्या टेबलाशी बदललं. मी चौकशी केली." आणि मग, "मी ठीक म्हणायला नको होतं. दुपारी वर्गात तसं सांगणार आहे."

आणि सांगितलं. सगळ्यांसमोर, माझं नाव घेऊन. एवढ्या मोठ्या माणसाची घाईत चूक होते तर आपली का होऊ नये, असं वाटून मला उलट धीर आला.

१८ मार्च, मंगळवार

उलट जोडणीतही अगदी थोडी वीज गळते. का, तर उबेनं काही जोड्या तुटतच असतात. आज करून बघितलं. जुन्या जर्मेनियमच्या डायोडला उलट जोडलं आणि तापलेलं सोल्डरिंग आयर्न नुसतं जवळ धरलं. मायक्रोचा काटा चढायला लागला. दूर नेलं, उतरला. तार तापली की वीज अडखळते, आणि हे बेटं तापलं की मोकळं होतं.

"किती झाला?" सर विचारत होते. "आता किती? आता?" लहान मुलासारखे. मी आकडे सांगत होते, सर डोळे मिटून ऐकत होते.

नऊ दिवस राहिले. होईल. करीनच.

२७ मार्च, गुरुवार

बाहेरच्या कॉलेजच्या बाई परीक्षक होत्या. शेजारी आमचे सर. उमेदवार तीन, मी शेवटची.

बाईंनी बशीत दोन डायोड दिले, दोन्हींच्या पट्ट्या खरवडून काढलेल्या. "टोकं ओळखा. आणि सिलिकॉन कुठला ते सांगा." कोपर टेबलाला टेकवलं. मीटर लावलं. पहिला, एका बाजूनं पॉइंट अठ्ठावन्न, उलट केल्यावर काही नाही. लाल तार ज्या टोकाला ते पी, आणि हा सिलिकॉन. दुसरा पॉइंट पंचवीस. जर्मेनियम. बाईंनी मान हलवली नाही, पण लिहिलं.

मग तोंडी. "होल म्हणजे काय?" पाठ केलेलं वाक्य गेलंच डोक्यातून. मग स्टुलांचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "आणि स्टूल खरंच सरकलं?" म्हटलं, "नाही बाई, मुली सरकल्या. पण एकेकीचं सांगत बसण्यापेक्षा रिकाम्या जागेचं सांगणं सोपं." त्या हसल्या.

शेवटी गुणपत्रिका. बाईंनी सही केली आणि कागद सरांपुढे सरकवला. सरांनी पेन काढलं, मान जराशी तिरकी केली आणि सही करायला लागले ती छापलेल्या मजकुरावर.

"सर, तिथे नाही," बाई म्हणाल्या.

सरांचं पेन उचललं गेलं आणि तसंच अधांतरी राहिलं. कुठे ठेवावं ते कळेना. काय झालं मला, मी पुढे झाले आणि रिकाम्या चौकोनात बोट ठेवलं. सरांनी माझ्या बोटाला पेन टेकवलं आणि सही केली.

बोटावर शाई आहे अजून.

२८ मार्च, शुक्रवार

सगळं आठवत बसले. तपकिरी की लाल. उत्तरपत्रिका. स्कूटर. कठडा. माझा कान. "आता किती? आता?"

ह्यांनी विचारलं काय झालं. सांगितलं. "मी म्हटलं होतं" असं म्हणाले नाहीत, त्याबद्दल आभार.

मला राग आला आहे. मी सात आठवडे विद्यार्थिनी होते की चष्मा होते? आणि दुसरं, ते मीटर. पुढच्या महिन्यात मेनवरचा, म्हणजे थेट दोनशे तीस व्होल्टचा, प्रयोग आहे. तिथे "ठीक, चालू करा" म्हटलं आणि ठीक नसलं, तर काटा वाकून भागणार नाही.

२९ मार्च, शनिवार

साडेआठला गेले. परीक्षा संपली तरी सर बसलेले होतेच.

"सर, तुम्हाला दिसत नाही."

"मधोमध दिसत नाही," सर म्हणाले. "कडेनं दिसतं. दीड वर्ष झालं. कधी कळलं तुम्हाला?"

"परवा."

"म्हणजे निरीक्षण कच्चंच राहिलं." ते हसले. मी हसले नाही.

"मला शिकवलंत ते माझ्यासाठी की तुमच्यासाठी?"

"पहिले आठ दिवस माझ्यासाठी," सर म्हणाले. जराही न अडखळता. "वाचून दाखवणारं कुणी हवं होतं. मग तुम्ही विचारलंत, तुकडा ऋण का होत नाही. तीस वर्षांत तो प्रश्न आपणहून विचारणारे चार-पाच भेटले असतील. त्यानंतर सकाळचे दोन तास मला डोळ्यांची आठवण होत नव्हती."

माझा राग निम्मा तिथेच गेला. उरलेला धरून ठेवला, कारण बोलायचं होतं.

"प्राचार्यांना सांगा सर."

"पुढच्या वर्षी निवृत्तच होतोय. तेवढं वर्ष काढू द्या. तुम्ही आहात ना आता."

"मी झाकणार नाही. मुलांचे हात आहेत त्या वायरींवर."

सर ताडकन म्हणाले, "तुमच्या नेमणुकीला माझी शिफारस लागते, माहीत आहे ना?" आणि लगेच गप्प झाले. स्वतःचं बोलणं स्वतःलाच ऐकू गेलं असावं.

"तर मग देऊ नका," मी म्हटलं. "सोमवारी साडेदहापर्यंत तुम्ही सांगा. नाही तर अकराला मी सांगते."

घरी येऊन भाजी चिरताना रडले. नोकरी गेली हातची, दुसरं काय.

३१ मार्च, सोमवार

दहा वाजता सर प्रयोगशाळेत आले. "चला."

"कुठे?"

"प्राचार्यांकडे. रस्ता दिसतो मला. सोबत हवी आहे."

मी बाहेर बाकावर बसले. पाऊण तास. आतून एकदाही मोठा आवाज आला नाही. सर बाहेर आले तेव्हा खांदे उतरलेले होते, पण चेहरा रात्रभर नीट झोप झालेल्या माणसासारखा. "वर्ग माझ्याकडेच राहिले," म्हणाले. "प्रयोगांच्या जोडण्या तपासायचं काम सहायकाचं. त्याच्या शब्दाशिवाय एकही बटण दाबायचं नाही. जो कोण सहायक असेल त्याच्या."

२ एप्रिल, बुधवार

निकाल लागला. तिघांत पहिली.

मोठ्या क्लार्कांनी नेमणुकीचा कागद हातात दिला. मी विचारलं, "सरांची शिफारस कधी आली?"

"शनिवारी. अकरा वाजता स्वतः येऊन समोर बसले, मला सांगून टाइप करून घेतली. का?"

शनिवारी मी प्रयोगशाळेतून निघाले तेव्हा पावणेदहा झाले होते.

"काही नाही," म्हटलं.

"अभिनंदन, मॅडम," ते म्हणाले. बोलताना त्यांना जरा जड गेलं, पण म्हणाले.

९ एप्रिल, बुधवार

सहायक म्हणून पहिलं प्रॅक्टिकल. दुसऱ्या वर्षाची राहिलेली तुकडी, प्रयोग सातवा. सुरू करण्याआधी सर वर्गासमोर उभे राहिले. मला वाटलं नेहमीच्या सूचना देतील.

"मला मीटरचा काटा दिसत नाही," सर म्हणाले. "आता दिसणारही नाही. गेल्या महिन्यात मी न दिसताच ठीक म्हटलं आणि मीटर जळलं. आजपासून ठीक म्हणायचं काम यांचं." हात माझ्याकडे केला. "आणि आकडे तुम्ही मोठ्यानं सांगायचे, म्हणजे मलाही कळतील."

मुलं जोडण्या करायला लागली.

मी एकेका टेबलाशी गेले. अक्षर बघितलं, पट्टी बघितली, रोधक बघितला. सहाव्या टेबलावर डायोड उलटा होता, पोरांनी तो मुकाट्यानं फिरवला. दहा टेबलांना दहा वेळा म्हटलं, "ठीक. चालू करा."

मग मुलं व्होल्ट आणि मिलिअँपिअरचे आकडे सांगू लागली. आधी लाजत लाजत, मग जोरात. "पॉइंट दोन, शून्य." "पॉइंट चार, शून्य." "पॉइंट सहा, एक पॉइंट दोन." सर फळ्यापाशी गेले, आडवी-उभी रेघ ओढली, डाव्या हातानं रेघ चाचपत उजव्या हातानं खडू फिरवू लागले. बराच वेळ रेघ तळाशीच आडवी सरकत होती. "पॉइंट पासष्ट, सात!" रेघ वळली. "पॉइंट सात, तेवीस!" "पॉइंट बहात्तर, चाळीस!" रेघ सरळ वर निघाली. कडेनं एवढी बारीक चौकट दिसत नसावी. खडू फळ्याच्या लाकडी चौकटीवरून वर भिंतीवर गेला.

"सर, फळा संपला," पुढची मुलगी म्हणाली.

"आकडे संपले का?"

"नाही सर."

"मग सांग की."

तिनं सांगितला. सरांनी टाचा उंचावल्या आणि हात पुरला तिथपर्यंत रेघ नेली.

सुटल्यावर मी फळा पुसला. भिंत पुसली नाही.